सरळ केलेली हद्द

बाबा गेल्यावर भेटायला आलेल्यांत ग्रंथालयाचे संचालकही होते, आणि येताना ते कुंडीतलं रोप घेऊन आले होते.

रोपवाटिका चालवणारा माणूस गेला, तर त्याच्या घरी दुसऱ्या रोपवाटिकेतून विकत आणलेलं रोप. कुंडीला त्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच चिकटलेली होती. आईनं चिठ्ठी वाचली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"ह्याला पाणी आम्हीच घालायचं ना?"

संचालक गडबडले. "म्हणजे... आठवण म्हणून आणलं, वहिनी."

"आठवण आहे आमच्याकडे. ठेवा तिथं."

त्यांनी कुंडी दाराशी ठेवली, हात रुमालाला पुसले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांना सगळे टाचणीसाहेब म्हणत. ग्रंथालयात आल्याआल्या त्यांनी भिंतीभिंतींवर सूचना टाचल्या होत्या: पान दुमडू नये, खुर्ची ओढू नये, बोट ओलं करून पान उलटू नये. माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्या मनात वैयक्तिक काही नव्हतं," ते म्हणाले. "जागा माझ्या घरची असती तर मीच म्हटलं असतं, राहू द्या. पण सार्वजनिक मालमत्ता अशी तोंडी शब्दावर सोडता येत नाही."

काकांनी मान हलवली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कुणाच्याही बोलण्यावर मान हलवायची त्यांना सवय आहे. मी चहाचे कप उचलून आत नेले आणि ते वाक्य मनात घोळवत राहिले. ते मी आधी वाचलं होतं. बाबांविरुद्ध लागलेल्या निकालात जवळजवळ असंच होतं.

आमची रोपवाटिका आणि सरकारी ग्रंथालय शेजारी शेजारी. रस्त्यापासून मागच्या नाल्यापर्यंत दोघांची एकच हद्द, आणि तिच्यावर मेंदीचं दाट कुंपण. मी लहान असताना ही हद्द तिरकी होती. रस्त्याकडून निघायची आणि मागे जाता जाता ग्रंथालयाच्या बाजूला कलत जायची. त्यामुळे पुढे त्यांची जागा रुंद आणि मागे निमुळती, आमची नेमकी उलट. तेव्हाच्या ग्रंथपालांना मागे अभ्यासिका बांधायची होती. लोकांना बसून वाचायला एक मोठी, शांत खोली. पण तिरक्या हद्दीमुळे खोलीचा एक कोपरा कापला जात होता. ते कुंपणाशी उभे राहून बाबांना म्हणाले, "तीन कोपऱ्यांची खोली कुठं असते का हो?"

बाबा म्हणाले, "मग सरळ करून टाकू."

झालं ते एवढंच. कुंपण मधोमध जिथं होतं तिथंच राहिलं. मागच्या टोकाला ते आमच्या बाजूला सरकलं, पुढच्या टोकाला त्यांच्या बाजूला. मागे आमच्या जमिनीचा एक त्रिकोण त्यांच्याकडे गेला, पुढे त्यांचा तसाच एक त्रिकोण आमच्याकडे आला. त्यांना खोलीचा चौथा कोपरा मिळाला, बाबांना रस्त्यालगतचं दिवसभराचं ऊन. सुतळी एका टोकाला बाबांनी धरली, दुसऱ्या टोकाला ग्रंथपालांनी. कागद करायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आलं असतं तर दोघंही एकमेकांसमोर लाजले असते.

आणि मग बाबांनी एक चूक केली, जी फक्त एखादा रोपवाटिकावालाच करू शकतो. त्यांनी कुंपण फार चांगलं हलवलं. दुसऱ्या कोणी जुनी मेंदी तोडून नवी लावली असती. नवी मेंदी नवी दिसली असती, जुन्या खुंटांची ओळ कुठंतरी राहिली असती. बाबांनी एकेक झुडूप मुळाच्या मातीसकट उचललं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि नव्या ओळीत बसवलं. एकही मेलं नाही. त्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. दोन पावसाळे गेले आणि ते कुंपण जगाच्या आरंभापासून तिथंच आहे असं दिसायला लागलं. हद्द हलली होती ह्याचा एकमेव पुरावा बाबांनी स्वतःच्याच हातानं पुसून टाकला.

पुढच्या त्रिकोणात त्यांनी त्यांची थोरली झाडं लावली. ज्या झाडावरून कलमांसाठी फांद्या घ्यायच्या, त्याला धंद्यात मातृवृक्ष म्हणतात. बाबा नुसतं 'थोरलं' म्हणत. थोरलं लिंबू, थोरलं डाळिंब, थोरलं अंजीर. आमच्याकडून गेलेलं प्रत्येक रोप ह्यांच्यापैकी कुणाचं तरी लेकरू. गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं की बाबा त्याला हाताला धरून पुढे न्यायचे आणि म्हणायचे, "आई बघा, मग मुलगी न्या."

मागच्या अभ्यासिकेत मी वाढले. चौथ्या कोपऱ्यात, खिडकीखाली, एक जागा होती. शाळा सुटली की मी तिथं बसायची, आणि ग्रंथपाल वयाला न शोभणारी पुस्तकंसुद्धा मला काढून द्यायचे. आज मी एका प्रकाशकाकडे इतरांची हस्तलिखितं तपासून पोट भरते. मला जे काही येतं, ते त्या कोपऱ्यात आलं. हे सांगायला हवं, कारण पुढे मी काय केलं ते कळताना ही गोष्ट वगळून चालणार नाही.

ग्रंथपाल निवृत्त झाले, वारले. बऱ्याच वर्षांनी टाचणीसाहेब आले. ग्रंथालयाच्या जागेवर चारी बाजूंनी टपऱ्या आणि गाड्या चढल्या होत्या. त्यांनी एकेक हटवल्या. चांगलंच केलं. मग जुना नकाशा काढून त्यांनी पुढच्या बाजूची मोजणी करून घेतली आणि त्यांना दिसलं की थोरली झाडं त्यांच्या जागेत आहेत.

बाबांना अतिक्रमणाची नोटीस आली. मी तेव्हा दुसऱ्या शहरात होते. फोनवर बाबा म्हणायचे, "काही नाही गं, शेजाऱ्यांशी जरा मोजमाप चाललंय." कोर्टात त्यांनी एवढंच सांगितलं की ही जागा आधीच्या ग्रंथपालांनी मला वापरायला दिली होती. ग्रंथालयाच्या वकिलांनी विचारलं, कागद? बाबा म्हणाले, शब्द. वकील हसले असणार. निकाल ग्रंथालयाच्या बाजूनं लागला: अतिक्रमण करणाऱ्यानं ते स्वखर्चानं काढावं.

बाबांनी एकच गोष्ट मागितली. ते टाचणीसाहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, पावसाळ्यापर्यंत थांबा. जुनी झाडं उपटून दुसरीकडे लावता येत नाहीत, पण त्यांच्या फांद्यांवर गुटी बांधता येते. फांदीची साल बोटभर सोलायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचं. तिथंच मुळं सुटली की फांदी कापून निराळी लावायची. म्हणजे थोरलं गेलं तरी त्याचाच एक हात राहतो. पण हवेत ओल हवी. भर उन्हाळ्यात गुटी वाळून जाते.

टाचणीसाहेब म्हणाले, "नियमात मुदतवाढ बसत नाही."

बाबांनी उन्हाळ्यातच गुट्या बांधल्या. दिवसातून कितीदा तरी जाऊन ते त्या ओल्या करायचे. एकही जगली नाही. मग त्यांनी ठेकेदाराला झाडांना हात लावू दिला नाही. स्वतःच्या करवतीनं, स्वतः झाडं तोडली. काका सांगतात, प्रत्येक काप त्यांनी कलमासाठी करतात तसा तिरपा आणि स्वच्छ केला. कशासाठी, ते काकांना कळलं नाही. मला कळलं. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं कापता येत नव्हतं.

पाऊस यायच्या आत बाबा गेले. नळीनं पाणी घालत असताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा मोकळ्या झालेल्या त्रिकोणात एक पाटी होती: ही जागा ग्रंथालयाच्या मालकीची आहे. दुसरं काही नव्हतं. अजूनही नाही.

संचालक कुंडी ठेवून गेले त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, "बाबांनी मागच्या कोपऱ्याचं कोर्टात सांगितलंच नाही?"

आई भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाही."

"का? घेतलेलं सांगितलं आणि दिलेलं पोटात ठेवलं? अर्धीच गोष्ट सांगितली तर हरणारच ना माणूस!"

"मी म्हटलं नसेल का? रोज म्हणत होते. तर ते म्हणायचे, मागचं काढलं तर पोरांची खोली तुटेल, आणि मी त्या माणसाला शब्द दिलाय. मी म्हटलं, अहो, तो माणूस मेलाय. तर म्हणे, म्हणून तर. जिवंत असता तर जाऊन म्हटलं असतं, बाबा रे, मला शब्दातून मोकळं कर. आता कोण करणार?"

आईनं निवडलेली भाजी बाजूला सारली. "शब्दाला जागायचं म्हणे. जागले आणि गेले."

"शब्द बाबांचा होता," मी म्हणाले. "मी कुणाला काही दिलेलं नाही. आणि जमीन आता तुझ्या-माझ्या नावावर आहे."

आईनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "मला विचारू नकोस."

"का?"

"विचारलंस तर मी हो म्हणेन. आणि ते त्यांना आवडायचं नाही. म्हणून विचारू नकोस."

मी विचारलं नाही.

वकीलबाई माझ्या वर्गमैत्रिणीच्या मावशी. त्यांनी जुन्या निकालाची प्रत चष्मा कपाळावर ढकलून वाचली आणि मधेच हसल्या.

"तुमच्या टाचणीनं स्वतःलाच टोचून घेतलंय," त्या म्हणाल्या. "हे बघ, त्यांचंच शपथेवरचं म्हणणं. 'दोन्ही मिळकतींमधील हद्द रस्त्यापासून नाल्यापर्यंत मूळ मोजणीप्रमाणेच असून ती कधीही, कोणीही बदललेली नाही.' रस्त्यापासून नाल्यापर्यंत! पुढच्या झाडांपुरतं बोलले असते तरी चाललं असतं. पण नाही, साहेबांना सगळं नीटनेटकं लागतं."

"मागे मोजलंच नव्हतं त्यांनी?"

"कशाला मोजतील? मागे त्यांची स्वतःची भिंत आहे. स्वतःच्या भिंतीवर कोण संशय घेतं?" त्यांनी चष्मा खाली घेतला. "एक विचारते. तुला जागा हवीय, की त्यांना रडवायचंय? दोन्हीची फी सारखीच आहे, पण मला माहीत असलेलं बरं."

"रडवायचंय," मी म्हणाले.

"बरं झालं. जागेसाठी भांडणारे मधेच तडजोड करतात."

मोजणीदार आला तो दिवस मला आवडला. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण आवडला. त्यानं तिपाईवर यंत्र मांडलं, रस्त्याकडच्या दगडापासून सुरुवात केली आणि कुंपणाच्या मध्यापर्यंत येऊन थांबला. तिथवर सगळं टाचणीसाहेबांना पाठ होतं. ते हाताची घडी घालून उभे होते. मग मोजणीदार पुढे निघाला, मेंदीच्या ओळीपासून बाजूला होत होत अभ्यासिकेच्या भिंतीपाशी आला आणि म्हणाला, "साहेब, आत जावं लागेल."

"आत कशाला?"

"रेघ आत जातेय."

अभ्यासिकेत माणसं खाली मान घालून वाचत होती. मोजणीदाराच्या मदतनीसानं लाल खडूनं फरशीवर रेघ ओढायला घेतली. रेघ पुस्तकांच्या कपाटाखालून निघाली, टेबलांमधून तिरकी गेली, वाचणाऱ्यांनी एकेक करून पाय वर उचलले, आणि खिडकीखालच्या जागेच्या अलीकडून जाऊन ती समोरच्या भिंतीला भिडली. लहानपणीची माझी खुर्ची माझ्याच जमिनीत होती. भिंतीवर टाचलेलं होतं: शांतता पाळावी. सगळे पाळत होते.

"काहीतरी चुकतंय," टाचणीसाहेब म्हणाले.

"यंत्र तेच आहे साहेब," मोजणीदार म्हणाला. "तुमच्या वेळचंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हिशेब जुळत नसलेला माणूस पाहतो तसं. त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना हे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलले का नाहीत?"

"तुमची खोली तुटू नये म्हणून."

त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते मी नीट पाहून घेतलं. त्यासाठीच मी आले होते.

दुसऱ्या दिवशी ते रोपवाटिकेत आले. ह्या वेळी हात रिकामे होते. आई रोपांच्या पिशव्या भरत होती. तिनं मातीचे हात झटकले नाहीत की बसा म्हणाली नाही. काकांनी मात्र स्टूल पुसून पुढे केलं.

"तुमचं रोप जगलंय बरं का," आई म्हणाली. "पाणी घालतेय."

ते ओशाळले. "वहिनी, मी सरळच बोलतो. मला हे आधी कळलं असतं तर गोष्ट ह्या थराला गेली नसती. आपण कागदोपत्री अदलाबदल करू. पुढचा त्रिकोण तुम्हाला, मागचा आम्हाला. मी वरून मंजुरी आणतो."

"जसं होतं तसं," मी म्हणाले.

"अगदी जसं होतं तसं."

"मग झाडं लावा. तीच."

"तीच कशी... नवीन लावू. तुम्ही म्हणाल ती."

"त्यांच्या फांद्या पण उरल्या नाहीत. बाबांनी पावसाळ्यापर्यंत मुदत मागितली होती. दिली असती तर नवी झाडं निदान त्यांचीच लेकरं तरी म्हणता आली असती."

ते म्हणाले, "अभ्यासिकेला आपण त्यांचं नाव देऊ. मी प्रस्ताव ठेवतो. मोठी पाटी लावू."

"पाटी?" आई म्हणाली. "टाचणीनं लावाल?"

काकांना ठसका लागला. संचालकांचे कान लाल झाले. त्यांचं टोपणनाव त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. नसलं तर त्या क्षणी कळलं. ते उठले. जाताना मला म्हणाले, "तुम्ही त्याच खोलीत वाचायला बसायचात, असं जुने शिपाई सांगतात."

"बसायची."

"तरीही?"

"तोंडी शब्दावर मालमत्ता सोडता येत नाही," मी म्हणाले. "सार्वजनिक काय आणि खाजगी काय."

ते गेल्यावर काका माझ्यावर उखडले. उभ्या आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "दादानं मरेपर्यंत जे झाकलं ते तू चव्हाट्यावर आणलंस. त्याचा शब्द मोडतेस तू!"

"त्यांना मोडलं ते कुणी, काका?"

"असं बोलून काय होणार? पेरावं तसं उगवतं, एवढं लक्षात ठेव."

"भाऊजी," आई पिशवीत माती दाबत म्हणाली, "आयुष्यभर चांगलंच पेरलं त्यांनी. काय उगवलं ते बघितलंत ना?"

काका त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत.

कोर्टात फार काही झालं नाही. ग्रंथालयाच्या वकिलांनी खोली किती जुनी आहे, किती लोक तिथं शिकले, कोण कुठं पोचले हे सांगितलं. मग त्यांनी असंही सांगायचा प्रयत्न केला की पूर्वी दोन्ही शेजाऱ्यांमध्ये काही समजूत झाली असावी. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ग्रंथालयाचंच शपथेवरचं वाक्य वाचलं, 'कधीही, कोणीही' ह्या शब्दांवर जरा थांबत. आणि मग बाबांविरुद्धच्या निकालातला शब्दाबद्दलचा उतारा वाचला. वकीलबाईंना स्वतःचं एकही वाक्य वापरावं लागलं नाही. ह्या वेळचे शब्दसुद्धा तेच आले: अतिक्रमण करणाऱ्यानं ते स्वखर्चानं काढावं.

बाहेर जिन्यात टाचणीसाहेबांनी मला गाठलं. "एकच विनंती आहे. परीक्षा तोंडावर आल्यात. मुलं दिवसभर तिथं बसतात. परीक्षा होईपर्यंत थांबा, मग मी स्वतः उभा राहून पाडून देतो."

मी ह्या वाक्याची वाट पाहत होते. ते असंच येईल, इतकं सरळ माझ्या हातात येऊन पडेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"नियमात मुदतवाढ बसत नाही," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. ते वाक्य त्यांनी ओळखलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती अधिक आनंदानं सांगितली असती. पण मग ती मुलगी आली.

औषधाच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची आणि उरलेला अर्धा दिवस अभ्यासिकेत बसून परिचारिकेच्या परीक्षेची तयारी करायची. दुकानाचा पांढरा कोट अंगावर तसाच होता. रोपांच्या वाफ्यांमधून जपून पाय टाकत ती आली.

"ताई, तुम्हीच ना त्या? अभ्यासिकेवाल्या?"

"हो."

"परीक्षा होईपर्यंत राहू द्याल का? घरी बसता येत नाही हो. लहान बहिणीचं बाळ आहे, टीव्ही बंद होत नाही. दुसरीकडे कुठं फुकट बसू देत नाहीत."

"हे तुम्ही संचालकांना सांगायला हवं."

"त्यांनीच तर पाठवलं. म्हणाले, माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील."

ती हे इतक्या भाबडेपणानं बोलली की मला तिची कीव यायला हवी होती. आली ती चीड. त्या माणसाला अजून कुणाला तरी पुढे करता येत होतं. बाबांनी कुणालाच पुढे केलं नव्हतं. ते एकटे गेले, एकटे परत आले.

"नाही थांबवता येणार," मी म्हणाले.

"मी तुमचं काय केलंय?"

"काही नाही."

"मग?"

"माझ्या वडिलांनीही कुणाचं काही केलं नव्हतं."

"म्हणजे आता माझी पाळी?"

ती हे भांडून बोलली नाही. खरंच विचारत होती, दुकानात गिऱ्हाईक 'आता माझा नंबर का' म्हणून विचारतं तसं. ती आली तशीच, रोपांना धक्का न लावता गेली. वाफ्यांमधून असं चालायला कुणीतरी शिकवावं लागतं. तिला न शिकवता येत होतं. बाबांना ती आवडली असती. हे माझ्या मनात आलं, आणि तरी मी निर्णय बदलला नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

आई आतून ऐकत होती. त्या रात्री तिनं मला वाढलं आणि स्वतः न जेवता उठली.

पाडकाम सुरू झालं त्या दिवशी अभ्यासिकेतली कपाटं आणि टेबलं व्हरांड्यात आणून ठेवली होती. काही वाचणारे तिथंच, पायऱ्यांवर, मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. ती मुलगी त्यांच्यात नव्हती. काका आले नाहीत. आईनं बाहेर खुर्ची टाकायला लावली, येऊन बसली आणि पहिला हातोडा पडल्यावर उठून आत गेली. "धूळ फार आहे," म्हणाली.

मी उभी राहिले. गवंड्यांनी आधी छत उतरवलं, मग खिडकी काढली आणि चौकट सबंधच आमच्या बाजूला आणून टेकवली. मग भिंती. दुपारपर्यंत चौथा कोपरा गेला. खोलीला तिथं आता आरपार भगदाड होतं; ती खरोखरच तीन कोपऱ्यांची झाली होती. मोकळ्या झालेल्या जमिनीचा तुकडा मी पहिल्यांदा पाहिला. चुना, विटांचा चुरा, कित्येक वर्षं ऊन न लागलेली पांढरट माती. शेजारी ग्रंथालयाची उंच भिंत, मागे नाला. तिथं ऊन कधी येणारच नाही. कुठलंही झाड तिथं धरणार नाही हे कळायला रोपवाटिकेत जन्माला यावं लागत नाही.

भगदाडाच्या पलीकडे टाचणीसाहेब उभे होते. दोघांच्यामध्ये भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. त्यांच्या शर्टावर, केसांवर धूळ बसली होती. एकदम म्हातारे दिसत होते.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता.

मी स्वतःला खरंच विचारून पाहिलं. "हो," मी म्हणाले.

"तुमच्या वडिलांना हे..."

"आवडलं नसतं. त्यांनी मला अडवलं असतं. ते असते तर अडवलं असतं."

गवंडी अवजारं गोळा करायला लागले. मी पाडकामासाठी पुन्हा ओढलेल्या लाल रेघेवरून चालत गेले, पुढून मागे आणि मागून पुढे. नाल्याकडच्या टोकाला जोत्याच्या विटांची एक ओळ रेघेच्या अलीकडे राहिली होती. वीतभरही नसेल.

"हे राहिलंय," मी म्हणाले.

मुकादमानं वाकून पाहिलं. "ताई, एवढ्यानं काय होतंय? ही काढली तर त्यांच्या उरलेल्या भिंतीला टेकू राहायचा नाही. नवा घालावा लागेल."

"घालतील."

"राहू द्या ना एवढं."

'राहू द्या एवढं' म्हणणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

"तोडा," मी म्हणाले.

मुकादमानं टाचणीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि हातानंच, तोडा, अशी खूण केली. गोळा केलेल्या अवजारांतून गवंड्यानं पुन्हा छिन्नी काढली. शेवटची वीट निघेपर्यंत मी तिथून हलले नाही.